उघडी ठेवायची कड

सैन्यात जितक्या गोळ्या चालतात त्याहून जास्त ब्रश चालतात. सिव्हिलमधल्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. पण ब्रिगेडहून इन्स्पेक्शन येणार अशी बातमी आली की पोस्टवर काय होतं ते नोकरी केलेल्यालाच माहीत. दगडांना चुना, बादल्यांना लाल, आणि ड्रम, पेट्या, खांब, कपाटं या सगळ्यांना हिरवा. बंदूक हातात न घेता आठवडा जाईल, ब्रश हातात न घेता जायचा नाही.

मी इन्फंट्रीचा नाही. मी ईएमईचा, म्हणजे बिघडलेलं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा. ट्रेड रेडिओ मेकॅनिक, रँक हवालदार. गाव रोह्याजवळ. त्या वर्षी मी एका इन्फंट्री पलटणीबरोबर अटॅच होतो. पलटणीत बहुतेक सगळे मराठी. आमची पोस्ट इतक्या उंचीवर होती की झाड हा शब्द पोरं विसरली होती. सेक्टरचं नाव लिहीत नाही. त्याची गरजही नाही.

पोस्टवर माझ्या जिल्ह्याचा एकच जवान होता, सिपाही नरेश म्हात्रे. पेणचा. घरचा गणपतीचा कारखाना. लहानपणापासून मूर्ती रंगवत मोठा झालेला. तो मला रोहेकर म्हणायचा आणि मी त्याला पेणकर. हवालदाराला असं कुणी म्हणत नाही, पण आम्ही दोघंच असलो की रँक बाजूला राहायची. तुमच्या रोह्यात कंपन्या हवा रंगवतात, आम्ही देव रंगवतो, असं तो मला चिडवायचा. मी म्हणायचो, देव रंगवतोस तर इथे ड्रम का रंगवतोयस. तो खरंच मन लावून ड्रम रंगवायचा. त्याच्या हातून ब्रशची रेघ उठत नसे. कोपऱ्यात रंग साचत नसे. बाकीचे दर्शनी बाजू उरकून मोकळे व्हायचे. हा पेटी उलटी करून तिचा तळही रंगवायचा. विचारलं तर सांगायचा, नानांची शिस्त आहे. मूर्तीची पाठ कुणी बघत नाही म्हणून ती कोरी ठेवायची नाही. नाना म्हणजे त्याचे वडील.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सिग्नल बंकरमध्ये वायरलेस सेट होता आणि त्याच्या शेजारी बॅटरी चार्जर. जागा तेवढीच होती. जुना चार्जर म्हणजे लोखंडाचं धूड होतं. नवा आला तो हलका आणि कामाला चांगला, पण हा नव्या जातीचा चार्जर आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो आणि जोडतो. त्यातून एक गोंगाट बाहेर पडतो. माणसाच्या कानाला तो कळत नाही, वायरलेसला कळतो. म्हणून असा चार्जर धातूच्या बंद कपाटात ठेवतात. त्याला शील्डिंग म्हणतात. गोंगाट कपाटाच्या पत्र्यात अडकतो आणि अर्थिंगमधून जमिनीत जातो.

कपाट म्हटलं की दार आलं, आणि दार आलं की फट आली. त्या फटीसाठी दाराला आतून तारेच्या जाळीची एक पट्टी असते. कुकरच्या झाकणाला रिंग असते तशी. रिंग नीट बसली नाही तर वाफ निसटते, तसंच इथेही आहे. फरक एवढाच की ही जाळी ज्या कडेवर टेकते ती कड कोऱ्या धातूची लागते. मध्ये कसलाही थर चालत नाही. तिथे रंग आला की धातूला धातू लागत नाही, आणि बाहेरून घट्ट दिसणारं दार गोंगाटाच्या दृष्टीने सताड उघडं असतं.

आमच्या कपाटाला चारही बाजूंनी बोटभर रुंदीची अशी चकचकीत कोरी कड होती. बाकी सगळं हिरवंगार. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं की रंगवणाऱ्याने कंटाळा केला.

फेब्रुवारीत मी सुट्टीवर गेलो. शेतात वाल तयार झाले होते. परतण्याच्या आदल्या दिवशी पेणला नरेशच्या घरी गेलो, कारण त्याची मागणी होती कडव्या वालांची. नानांनी पिशवी भरून दिली. कारखान्यात पांढऱ्या कोऱ्या मूर्तींच्या रांगा लागल्या होत्या. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, नाना स्वतः करायचे. नरेशला अजून डोळे द्यायचे नाहीत. मी म्हटलं, नाना, पोराचा हात चांगला आहे. ते म्हणाले, हात चांगला हाय, पण अजून घाई करतो. सुट्टीवर येऊंदे, यंदा देतो त्याला.

मी सुट्टीवर असतानाच पोस्टवर इन्स्पेक्शन झालं.

वर चढायला लागलो त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. पोर्टरबरोबर पोस्टवर पोचलो तेव्हा दुपार उलटत आली होती. पोस्ट नव्या नवरीसारखी दिसत होती. सेंट्रीने सांगितलं, सिग्नल बंकरमध्ये जा, लिंक पेट्रोल हरवलंय. लिंक पेट्रोल म्हणजे दोन पोस्टमधली गस्त.

बंकरमध्ये लान्स नायक उत्तम कदम सेटवर होता. पाटणकडचा, शांत, कामाला पक्का ऑपरेटर. त्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. मागे कंपनी कमांडर मेजर साहेब उभे होते. कदमचं एकच चाललं होतं.

"लिंक, लिंक, बेस बोलतोय. रिपीट. ओव्हर."

साहेबांनी मला थोडक्यात सांगितलं. नरेश आणि सिपाही साळुंखे सकाळी पुढच्या पोस्टवर बॅटऱ्या पोचवायला गेले होते. परत निघाल्याचा निरोप आला, नंतर काही नाही. सेटमध्ये कुणीतरी बोलल्याचा भास होतो, शब्द लागत नाही. तासभर हेच चाललंय. सर्च पार्टी नेहमीच्या वरच्या वाटेने पाठवली आहे, तिला अजून काही सापडलेलं नाही.

मी हेडफोनची एक बाजू कानाला लावली. आत घर्र असा एकसारखा आवाज होता. खराब हवेचा आवाज मला माहीत आहे. तो कडकडतो, थांबतो, पुन्हा कडकडतो. हा थांबत नव्हता. शेजारच्या घरात मिक्सर लावावा तसा तो अखंड चालू होता.

कदमला विचारलं, असं कधीपासून. तो म्हणाला, दहा-बारा दिवस झाले असतील. मला वाटलं मौसम. जवळचे सेट तर खणखणीत येतात.

ते खरंच होतं. जवळून बोलणाऱ्याचा सिग्नल दमदार असतो, गोंगाटाच्या वरून ऐकू येतो. लांबच्या माणसाच्या थकलेल्या बॅटरीचा सिग्नल त्याखाली बुडतो. रोजच्या कामात हे कुणाच्याच लक्षात यायचं नाही. माझ्याही आलं नसतं.

"साहेब, हा गोंगाट आपलाच आहे," मी म्हणालो. "चार्जर बंद करतो. पण बॅटऱ्या थंडीने गेल्यात, फार वेळ टिकायच्या नाहीत."

"कर."

मी स्विच पाडला. घर्र बंद झाली. आणि त्या शांततेत नरेशचा आवाज आला. लांबून, बारीक, पण प्रत्येक शब्द कळत होता.

"...खालची वाट. पडका संगर. हिमस्खलन. साळुंखे जिवंत आहे. बेस, लिंक बोलतोय. खालची वाट. पडका संगर..."

तो न थांबता एवढंच म्हणत होता. किती वेळापासून, ते त्यालाच ठाऊक. संगर म्हणजे दगडांचा आडोसा. धुक्यामुळे दोघांनी वरची वाट सोडून नाल्यातली वाट धरली होती आणि जुन्या संगरापाशी बर्फ खाली आला होता. आमची सर्च पार्टी त्या जागेपासून उलट्या दिशेला होती.

साहेबांनी तिथूनच पार्टीला वळवलं. कदम नरेशला विचारत होता, जखम कुठे. उत्तर आलं, पाय अडकलाय, रक्त जातंय. तेवढ्यात सेटचा दिवा मंदावला. बॅटऱ्या बसत होत्या. चार्जर चालू केला तर आवाज जाणार, नाही केला तर सेट जाणार.

मी कपाटाचं दार उघडलं. तेव्हा ती कड पाहिली.

हिरवी होती. चारही बाजूंनी बोटभर रुंद, एकसारखी, दोन हात मारलेली. ब्रशची रेघ नाही. कोपऱ्यात थेंब साचलेला नाही. पोस्टवर इतकं सफाईने रंगवणारा एकच माणूस होता आणि तो या क्षणी नाल्यात पडून आमच्याशी बोलत होता.

मी कदमकडे पाहिलं. त्यानेही कडेकडे पाहिलं आणि पुन्हा सेटकडे तोंड वळवलं. मी खिशातला चाकू काढला आणि खरवडायला लागलो. रंग सुटत नव्हता. चांगल्या हाताने लावलेला रंग सहज सुटत नाही. आयुष्यात मला कुणाच्या चांगल्या कामाचा इतका राग आला नव्हता. हिरव्या सालपटांचा खाली ढीग झाला. कड पांढरी चकचकीत झाल्यावर स्पिरिटने पुसली, दार दाबून लावलं, स्विच वर केला. मिक्सर लागला नाही.

"लिंक, बेस. आवाज कसा येतोय? ओव्हर."

"मला तुझं सगळं ऐकू येत होतं, कदम. पहिल्यापासून. मी पण बोलतच होतो."

कदमने मान खाली घातली. गोंगाट आमच्या बंकरमध्ये होता, नरेशच्या हातातल्या सेटला त्याचा काही त्रास नव्हता. आम्ही तासभर रिपीट, रिपीट म्हणत होतो आणि तो प्रत्येक वेळी रिपीट करत होता.

साहेब म्हणाले, त्याला बोलतं ठेवा. कदमने हेडफोन आणि माइक माझ्या हातात दिला.

"पेणकर."

"रोहेकर आला काय?"

"आलोय. वाल आणलेत."

"कडवे?"

"कडवे. नानांनी दिलेत. यंदा तुला डोळे देणार म्हणाले."

मग तो म्हणाला, "खरं सांग." मी म्हणालो, खरंच. त्यानंतर त्याचं बटण एकदा दाबल्याची खूण आली, शब्द आला नाही. कदमने सेट परत घेतला आणि पार्टी पोचेपर्यंत तो एकटाच बोलत राहिला. लिंक, बेस बोलतोय. पार्टी जवळ आली. लिंक, बेस बोलतोय. ऐकतोयस ना.

साळुंखे वाचला. आज तो त्याच्या गावी आहे, दोन पोरांचा बाप आहे. नरेश सापडला तेव्हा अंगाला ऊब होती, एवढंच सर्च पार्टीच्या सुभेदारांनी मला सांगितलं. तासभर आधी पोचलो असतो तर, हे त्यांनी सांगितलं नाही. ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी जबाब दिला की कडेवर रंग होता आणि त्यामुळे शील्डिंग निकामी झालं होतं. रंग कुणी मारला, असं कुणी विचारलं नाही. इन्स्पेक्शनसाठी सगळी पोस्ट हुकमाने रंगवली होती, त्यात एकट्याचं नाव घेण्यात अर्थ नव्हता. मीही घेतलं नाही.

पार्थिवाबरोबर मी आणि कदम पेणला आलो. सलामी झाली, अग्नी दिला. नानांनी तोवर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. नरेश तासभर वायरलेसवर बोलत होता हे त्यांच्या कानावर आलं होतं. सगळे पांगायला लागले तेव्हा ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"वायरलेसवर कोन व्हता?"

कदम सावधानमध्ये उभा राहिला. "मी होतो, नाना."

"माजा पोर तासभर हाका मारीत व्हता, आनि तू निजला व्हतास?"

कदमला उत्तर ठाऊक होतं. माझ्यासारखंच त्यानेही ते सालपटांच्या ढिगात पाहिलं होतं. त्याच्या बचावाचा एकच शब्द होता आणि तो चितेवरच्या पोराच्या अंगावर जाणार होता. तो गप्प राहिला. मीही राहिलो. वालांची पिशवी मी नरेशच्या सामानात परत आणली होती, ती नानांच्या ओटीवर ठेवून आम्ही निघालो.

पुढे मी रिटायर झालो. रोह्याजवळ वरसेला घर बांधलं. डोलवीच्या बाजूला एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलो. तिथे कंपन्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनतात. लोखंडी कपाटंच ती. पेंटिंगला जाण्याआधी प्रत्येक कडेला मास्किंग टेप लावायचं काम मी मागून घेतलं. मालक म्हणाला, हवालदार साहेब, हे तुमच्या लायकीचं काम नाही. मी म्हटलं, माझ्याच लायकीचं आहे. पेंटर वैतागतात. टेप काढल्यावर कोरी कड दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. चांगला पेंटर असला की जास्तच.

घरचा गणपती मी दर वर्षी नानांकडून आणत आलो. ते माझ्याशी नीट बोलायचे. चहा द्यायचे. पण बोलता बोलता एकदा तरी कदमचा विषय काढायचे आणि म्हणायचे, त्याला झोप कशी लागत असल. पेणमध्ये, धरमतरच्या धक्क्यावर, जिथे बसतील तिथे हीच गोष्ट सांगायचे. वायरलेसवाला निजला, माजा पोर गेला. मी खाली बघून चहा प्यायचो.

कदमला झोप लागत नव्हती. नरेश गेला त्या दिवशी दर वर्षी त्याचा फोन यायचा. विचारायचा एकच, नाना काय म्हणतात. मी सांगायचो, बरे आहेत. गेल्या वर्षी त्याच्या ऐवजी त्याच्या बायकोचा फोन आला. घरात मिक्सर लावला की हे बाहेर निघून जातात, एवढं ती पूर्वीपासून जाणून होती. आता ते जेवायलाच बसत नाहीत, म्हणाली. भिंतीकडे तोंड करून पडतात आणि तोंडाने रिपीट, रिपीट म्हणतात. डॉक्टर झाले. भाऊजी, तिकडे असं काय घडलं ते मला तरी सांगा.

मेलेल्या मित्राची लाज राखण्यासाठी मी जिवंत मित्राला झिजू देत होतो. हे मला त्या बाईच्या आवाजाने कळलं, आणि मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी पेणला गेलो. नाना कारखान्यात एकटेच होते, एका मूर्तीच्या मुकुटाला सोनेरी लावत होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. कपाट, जाळी, कड, मिक्सरसारखा आवाज. कदम एक मिनिटही सेटवरून उठला नव्हता. नरेशला त्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकू येत होता, म्हणजे पोर एकटं नव्हतं. आणि ती कड कुणी रंगवली होती, तेही सांगितलं.

नाना ब्रश धरून तसेच बसले. सोनेरी रंग ब्रशवरून त्यांच्या धोतरावर गळला.

"चांगली रंगवली व्हती?" त्यांनी विचारलं.

"कोपऱ्यात थेंब नव्हता, नाना."

नाना म्हणाले, "कोरं काय सोडायचं नाय, ह्या मीच शिकवला त्याला. लहान व्हता तवा पाठ कोरी ठेवलन म्हनून मारला व्हता."

मी आलो होतो तो दोष एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर टाकायला, आणि तो तिसऱ्यानेच उचलला. नानांनी ब्रश पाण्यात ठेवला, हात पुसले आणि कदमचा फोन लावून द्यायला सांगितलं. मी लावून दिला. पलीकडे कदमचा आवाज ऐकल्यावर नानांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"बाला, तू निजला नव्हतास. माजा चुकला. जेव तू."

एवढंच बोलून त्यांनी फोन मला दिला. पलीकडून मला फक्त रडणं ऐकू आलं. कदम आता जेवतो. पूर्वीसारखा झाला असं म्हणवत नाही, पण जेवतो.

या वर्षी गणपती आणायला गेलो तेव्हा नानांनी नेहमीसारखी मूर्ती पाटावर ठेवून दिली. घरी आणून मखरात बसवताना मी ती वळवली आणि माझं लक्ष पाठीकडे गेलं. सगळी पाठ सफाईने रंगवलेली होती. फक्त बैठकीच्या मागच्या बाजूला बोटभर रुंदीची एक पट्टी कोरी होती. पांढरी, सरळ, टेप लावून सोडल्यासारखी. मला वाटलं नानांची नजर गेली आता. विसर्जनानंतर पेणला गेलो तेव्हा पुढच्या वर्षीच्या मूर्ती सुकत होत्या, काही रंगूनही झाल्या होत्या. मी एकेक वळवून पाहिली. प्रत्येकीच्या मागे तेवढीच पट्टी होती.

व्यापारी कुरकुर करतात, असं शेजारचा कारागीर म्हणाला. काम अपुरं दिसतं म्हणतात. नाना खाली बसून डोळ्यांची आखणी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तेवढा नरेशचा हाय," ते म्हणाले. "उघडा ऱ्हाऊंदे."